उलटनिरोप

डोंगर खचणार असला की कोकणात 'धोका नाही, घरातच थांबा' असा संदेश जायचा. असे इशारे पाठवणाऱ्या सरकारी केंद्रात आता याचं कुणाला काही वाटत नसे.

या पद्धतीला उलटनिरोप म्हणत. मागच्या पिढ्यांना सरकारने काय सांगितलं आणि पुढे काय झालं, याचा परिणाम नातवंडांच्याही वागण्यात उतरतो, हे संशोधकांनी मोजून दाखवलं होतं. ज्यांनी धरण पाहिलं नाही, पुनर्वसनाचं गाव पाहिलं नाही, तेही सरकारी आवाज ऐकला की दोन पावलं मागे सरत. मग खरं सांगून माणसं मरू द्यायची, की खोटं सांगून वाचवायची? केंद्राने दुसरा मार्ग धरला. यंत्र त्या त्या भागाचा स्वभाव पाहून संदेश रचायचं. पुण्याच्या संदेशात एखादी बारीकशी चूक ठेवत, म्हणजे ती काढायला तरी लोक तो शेवटपर्यंत बघत. नागपूरच्या संदेशात मुंबईचं नाव येऊ देत नसत. आणि कोकणाला सरळ उलटं सांगायचं. हसू येईल, पण जीव वाचत होते.

कोकणाचं गणित मैथिली पाष्टेने बसवलं होतं. ती तिथलीच. "अहो, माझ्या बापाला ओळखते मी," ती बैठकीत म्हणाली होती. "सरकार म्हणालं आज सोमवार, तर आबा आधी कॅलेंडर बघतील." सगळे हसले होते आणि गणित मंजूर झालं होतं.

त्या दुपारी खैरोलीवरचा डोंगर सरकू लागला. संदेश गेला. तासाभरात गाव रिकामं झालं. पडद्यावर एकाच घरात माणूस दिसत होता, आणि ते घर तिच्या वडिलांचं होतं.

असला संदेश उलटा असतो हे बाहेर सांगायला बंदी होती. नियम गेला खड्ड्यात, म्हणत तिने फोन लावला.

"आबा, अजून घरात काय करताय?"

"पेज खातोय. सगळे पळाले गो, येडे. मी सांगितलं त्यांना, यंदा विश्वास ठेवा, माझी मैथिली आहे तिकडे. ती खोटं सांगायची नाही."

"आबा, ऐका. संदेश खोटा होता. तुम्ही लोक उलट वागाल म्हणून तसा पाठवतात. डोंगर येतोय, निघा."

पेजेची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोण पाठवतात?"

"आम्ही. मी."

"म्हणजे आम्ही तिरके, हे तू तिथे बसून ठरवलंस."

"मागाहून हवं तेवढं बोला मला. आता चपला घाला आणि निघा."

"'चार दिवसांसाठी निघा', असंच माझ्या आज्याला सांगितलं होतं. परत आला तेव्हा घरावर धरणाचं पाणी." आबांचा आवाज चढलेला नव्हता. "मघाशी थांब म्हणालीस, आता निघ म्हणतेस. यातलं कुठलं धरू?"

"आताचं. शपथ घेऊन सांगते."

बचाव पथक अजून खाडीपलीकडे होतं. शेजारच्या सहकाऱ्याने यंत्राला विचारून पाहिलं, या माणसाला काय सांगितलं तर तो निघेल. यंत्राकडे उत्तर नव्हतं. ज्याने विश्वास ठेवला आणि फसला, असा माणूस त्याच्या गणितात मैथिलीने घातलाच नव्हता.

"एक सांग," आबा म्हणाले. "आता तू घरून बोलतेस की हापिसातून?"

मैथिलीने डोळे मिटले. आज एकदा त्यांच्याशी खोटं बोलून झालं होतं. पुन्हा बोलायची तिची हिंमत झाली नाही.

"हापिसातून, आबा."

"मग राहू दे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.