डाव्या काठावरचा लाल ठिपका

रविवारी सकाळी शेरीफच्या कचेरीतल्या डेप्युटी रेने बुशेचा फोन आला, तेव्हा आर्डिस किन्युनेन कुणाच्या तरी सूर्यास्ताच्या फोटोची चिरफाड करत बसली होती.

"आर्डिसबाई, व्हर्नन सेथर सापडला," रेने म्हणाली. "सीडर कड्याच्या पायथ्याशी. गेलाय."

"पडला?"

"तेच ठरवायचंय. त्याचा कॉम्प्युटर घरी उघडाच होता. पडद्यावर तुमची कमेंट होती."

कुठली, हे आर्डिसला विचारावं लागलं नाही.

लार्सन हार्बर गावात हौशी फोटोवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप होता आणि आर्डिस त्याची सर्वेसर्वा. आयुष्यभर तिने दवाखान्यात लोकांचे दात साफ केले. निवृत्त झाल्यावर त्यांचे फोटो साफ करायला घेतले. ग्रुपचा नियम साधा. आठवड्याला एक फोटो टाकायचा. बाकीच्यांनी त्यातलं एक चांगलं सांगायचं, एक दोष सांगायचा. मग सुधारलेला फोटो टाकायचा आणि पहिला तसाच शेजारी राहू द्यायचा, म्हणजे नवख्यांना शिकता येतं. आर्डिसला सगळे टरकून असत. बाई आधी फोटोच्या कडा बघायची. "मधोमध काय आहे ते कुणीही बघतं," ती म्हणायची, "घाण कडेला साचते. दातांसारखी."

शुक्रवारी व्हर्ननने सीडर कड्याचा फोटो टाकला होता. आर्डिसने लिहिलं होतं: 'चांगलं: उजेड. दोष: फोटो मेलेला आहे. एवढा कडा, पण उंची कळतच नाही. सोफ्याची पाठ वाटते. टोकावर एखादा माणूस उभा कर, लाल काहीतरी घालून. ते जमत नसेल तर कड्याच्या वाटेला जाऊ नकोस.'

व्हर्नन नेहमी उत्तर द्यायचा, 'होय, बाई!' यावेळी त्याने काहीच लिहिलं नव्हतं.

आर्डिस कोट चढवून थेट रेनेच्या कचेरीत जाऊन उभी राहिली.

"कॅमेरा कुठे होता त्याचा?"

"गाडीत. बॅगेत. ट्रायपॉडही डिकीत. म्हणूनच तर शंका येते," रेने म्हणाली. "हा माणूस फोटो काढायला गेलाच नव्हता. कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं आहे."

"कोरं? व्हर्नन सगळा आठवडा कार्ड पुसत नाही. रविवारी चर्चहून आला की बसतो निवडत."

"निरवानिरव करणारी माणसं असं काहीबाही करतात, बाई."

"ट्रायपॉड दाखव मला."

रेनेने उसासा टाकला, पण दाखवला. तिन्ही पाय चिखलाने बरबटलेले होते. आर्डिस बघतच राहिली. व्हर्नन ट्रायपॉड पुसल्याशिवाय गाडीत ठेवायचा नाही. त्यासाठी तो खास फडकं बाळगायचा, सगळे चिडवायचे त्यावरून.

"आणखी एक आहे," रेनेचा आवाज उतरला. "त्याच्या बायकोला, मार्लिसला सांगितलंय, तुम्हालाही कळेलच. तो लगेच गेला नाही. डॉक्टर म्हणतात, बराच वेळ जिवंत होता. कुणी बघितलं असतं तर कदाचित वाचला असता."



दुपारी ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश घेऊन ती मार्लिसकडे गेली. व्हर्ननच्या बायकोला तोंड कसं दाखवायचं, हे तिला समजत नव्हतं. दार लायल टॉरगेरूडने उघडलं. लायल म्हणजे व्हर्ननचा जोडीदार. दोघे मिळून फोटो काढत हिंडायचे. तो सकाळपासून मार्लिसची लाकडं फोडत होता, कॉफी करत होता.

मार्लिसने आर्डिसकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "तुझ्या त्या कमेंटने गेला का गं तो?"

"मला माहीत नाही, मार्लिस. देवाशपथ माहीत नाही."

"मला माहीत पाहिजे. अपघात असेल तर मी रडेन आणि जगेन. पण त्याने स्वतः केलं असेल, आणि मी शेजारच्या खोलीत घोरत पडले असेन..." तिने नाक पुसलं. मग ती म्हणाली, "शनिवारी पहाटे माझं जॅकेट घालून गेला. लाल. जन्मात कधी लाल घातलं नाही त्याने, पक्षी उडतात म्हणायचा. शेवटी माझं काहीतरी अंगावर असावं वाटलं असेल त्याला."

"कुठलं जॅकेट?"

"फिरायला घालते ते. या जूनमध्ये मला ट्रकने जवळजवळ उडवलंच होतं ना, म्हणून मी बाह्यांना चमकती पट्टी शिवून घेतली. वाकडीच शिवली. किती हसला होता मला."

लायलने मार्लिसपुढे कॉफी ठेवली.

आर्डिस त्याच्यामागून स्वयंपाकघरात गेली. "लायल, शनिवारी तू नव्हतास त्याच्याबरोबर?"

"पाठ धरली होती गं. घरीच होतो. जुने फोटो उकरत बसलो होतो. संध्याकाळी टाकला नाही का, गेल्या वर्षीचा?"

"तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"शुक्रवारी. फोनवर." लायल नळाकडे वळला. "खरं सांगू? लागलं होतं त्याला तुझं ते 'मेलेला फोटो'. बोलला नाही, पण लागलं होतं. आता तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लावून घेऊ नकोस म्हणे! बाण घुसवायचा आणि वर फुंकर घालायची. पण आर्डिसला तेव्हा ते कळलं नाही. ती मान खाली घालून घरी आली.

ग्रुप बंदच करून टाकायचा, असं तिने ठरवलं. बंद करण्याआधी शेवटचं म्हणून चाळायला बसली. सगळ्यात वर लायलचा फोटो होता, शनिवारी संध्याकाळी टाकलेला. पहाटेचं सुपीरियर सरोवर, पाण्यावर धुक्याचे लोट, आणि त्यातून फुटलेला तो तांबूस उजेड. असा उजेड एखाद्याच्या नशिबी एकदाच येतो. लायलने सोळा कमेंटींखाली आभार मानले होते.

तिची स्वतःची कमेंटही होती. तेव्हा व्हर्नन घरी आला नाही हे तिला ठाऊकही नव्हतं. 'चांगलं: सगळंच, मेल्या! दोष: फोटोच्या डाव्या काठावर लाल ठिपका. मेपलचं पान असेल. पुसून टाक.'

लायलने लगेच पुसला होता. नवा फोटो स्वच्छ होता.

आर्डिस सवयीने शेजारचा पहिला फोटो बघायला गेली. तो नव्हता. लायलने काढून टाकला होता.

ग्रुपमध्ये पहिला फोटो कुणीही काढून टाकत नसे. लायल तर स्वतःच नवख्यांना त्यावरून दटावायचा.

आर्डिसची एक खोड होती. दोष नुसता सांगून तिचं भागत नसे. ती फोटो आपल्याकडे उतरवून घ्यायची आणि दोषाभोवती पिवळं वर्तुळ काढून बघायची. लायलचा पहिला फोटो तिच्याकडे होता. तिने तो उघडला. पिवळ्या वर्तुळातला ठिपका मोठा केला, आणखी मोठा केला. चौकोन फुटायला लागले तरी मोठा करत गेली.

मग तिने तोंडावर हात दाबला आणि फोन उचलला.

मंगळवारी संध्याकाळी वाचनालयाच्या तळघरात ग्रुप जमला. व्हर्ननच्या आठवणीत त्याचे फोटो भिंतीवर दाखवायचे होते. मार्लिस पुढच्या खुर्चीत होती, लायल तिच्या शेजारी. दारापाशी रेने कॉफीचा कप घेऊन उभी होती.

व्हर्ननचे फोटो संपले. आर्डिसने आणखी एक लावला. लायलचं सरोवर भिंतभर पसरलं.

"हा कशाला?" लायल म्हणाला. "आज त्याचा दिवस आहे."

"त्याचाच आहे हा. लायल, हा कधीचा?"

"सांगितलं ना, गेल्या वर्षीचा."

"कुठून काढलास?"

"आठवत नाही. बंदरावरून असेल."

"सीडर कड्यासमोरच्या खडकावरून काढलास. शनिवारी पहाटे." आर्डिसने कळ दाबली. भिंतीवर पहिला फोटो आला, पिवळ्या वर्तुळासकट. "मी मेपलचं पान म्हणाले होते. मार्लिस, नीट बघ. काय आहे ते?"

मार्लिस उठली आणि भिंतीजवळ गेली. लाल तुकडा, त्यावर तिरकी पांढरी रेघ.

"माझी पट्टी," ती म्हणाली. "वाकडी."

"जूनमध्ये शिवलेली. ती गेल्या वर्षीच्या फोटोत येईलच कशी? हे कोपर आहे व्हर्ननचं. तू व्हर्ननला फोटोतून कापलास, लायल, पण मोकळं पाणी डावीकडेच होतं. जास्त कापवलं नाही तुला. कोपर काठावर राहून गेलं. मी दाखवलं तेव्हा तुझ्या लक्षात आलं. ठिपका पुसलास, आणि पहिला फोटो घाबरून उडवलास."

"एका ठिपक्यावरून तू—"

"ट्रायपॉड चिखलाने बरबटलेला डिकीत गेला. व्हर्ननने ठेवला असता तर पुसून ठेवला असता. म्हणजे तो दुसऱ्याने ठेवला. कार्ड पुसलं गेलं, कारण त्यावर व्हर्ननचा दुसऱ्या माणसाने काढलेला फोटो होता. व्हर्नन मरायला गेला नव्हता. कड्याच्या टोकावर माणूस हवा होता, लाल कपड्यातला. तुझी पाठ धरलेली, म्हणून तो उभा राहिला आणि तू दोन्ही कॅमेरे सांभाळलेस. आता तू सांग. त्याला काय म्हणालास?"

लायल भिंतीकडे बघत होता. रागाने बघत असेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो फोटो बघत होता.

"थोडं मागे म्हणालो," तो म्हणाला. "नुसतं तेवढंच. धुकं फुटत होतं, तो मध्ये येत होता. भिंगातून जमीन दिसत नाही गं. मी म्हणालो, अजून थोडा. आणि मग तो नव्हताच."

"खाली गेलास?"

"वरून बघितलं. हाक मारली."

"त्याने ओ दिली?" हे मार्लिसने विचारलं.

"हात हलला त्याचा," लायल म्हणाला. "तिथे फोन लागत नाही. घरी जाऊन लावतो, असं ठरवलं होतं. त्याचं सामान गाडीत टाकलं, म्हणजे मी होतो हे... घाबरलो मी, मार्लिस. घरी येऊन बसलो. फोन हातात धरून बसलो. आणि मग वाटलं, आता फार उशीर झाला."

"आणि संध्याकाळी फोटो टाकलास," आर्डिस म्हणाली.

"तसा उजेड मला पुन्हा मिळाला नसता!" तो एकदम ओरडला आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला. "कुणीतरी बघायला हवा होता तो. टाकायचा नाही म्हणून तीनदा उठलो. नाही राहवलं."

रेनेने कप खाली ठेवला. त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "चला, लायल." तो उठला. दारात थांबला, बहुतेक माफी मागायला, पण मार्लिसने तोंड फिरवलं होतं.

खुर्च्या आवरून लोक निघून गेले. मार्लिस कोट न घालता बसून राहिली.

"म्हणजे त्याने स्वतः नाही केलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तुझ्या शब्दांनी नाही गेला. मी उगाच तुला..."

हो म्हणून टाकलं असतं तर सुटली असती आर्डिस. मार्लिसने स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं होतं. पण तिची जीभ वळेना.

"मार्लिस, 'मेलेला फोटो' एवढंच वाचलं सगळ्यांनी. मीसुद्धा. त्याच्या पुढचं वाच." तिने फोन पुढे केला. "टोकावर माणूस उभा कर, लाल काहीतरी घालून. हे मी लिहिलंय. तुझं जॅकेट त्याने म्हणून घेतलं. मी न बघितलेल्या जागेवर, घरी कॉफी पीत, मी त्याला उभं केलं."

मार्लिसने वाचलं. फोन परत दिला. कोट घातला आणि जिना चढून गेली.

पुढे बरेच दिवस ती भेटली नाही. आर्डिस रोज तिच्या घरावरून जायची आणि दाराशी जायचा धीर न होऊन परत फिरायची. ग्रुप चालू होता, पण आर्डिसने कुणाच्या फोटोवर चकार शब्द लिहिला नाही. लोकांनाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

पुसलेल्या कार्डातून फोटो परत मिळवता येतात, हे ग्रुपमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लायललाही होतं, पण त्या सकाळी सुचलं नसेल. शेरीफच्या लोकांनी व्हर्ननच्या कार्डावरचा फोटो मिळवला आणि मार्लिसकडे पोचवला.

बर्फ पडायला लागलं त्या आठवड्यात ग्रुपवर व्हर्ननच्या नावाने एक फोटो आला. खाली मार्लिसने लिहिलं होतं: 'व्हर्ननचा सुधारलेला फोटो. पहिला शेजारी आहेच. नियमाप्रमाणे अभिप्राय द्या. आर्डिस, आधी तू.'

कड्याच्या टोकावर व्हर्नन उभा होता. बायकोचं लाल जॅकेट त्याला आखूड होत होतं, मनगटं उघडी पडली होती. दोन्ही हात पसरून तो कॅमेऱ्याकडे बघत खो खो हसत होता. खाली धुकं, आणि त्याच्याखाली खोल, खूप खोल, पाणी.

आर्डिसने यावेळी कडा तपासल्या नाहीत. मधोमधच बघत राहिली. मग डोळे पुसून तिने लिहिलं:

'चांगलं: उंची कळते.

दोष: त्याला तिथे उभं राहायला मी सांगितलं.'

तिने ते पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसली.