आधी फॅट, मग मेसेज

“फॅट अनडिफाइन्ड म्हंजी काय गं? माझी म्हैस काय पानी देती व्हय?” बनुबाई खिडकीतून मोबाईल आत खुपसत पुटपुटल्या.

संगमनेरजवळच्या त्या दूध संकलन केंद्रावर संध्याकाळची रांग लागली होती. सकाळच्या दुधाचा असा मेसेज घेऊन आलेल्या बनुबाई नवव्या. केंद्रावर दूध मोजून घेणाऱ्या मोनिकाने नऊही वेळा तेच सांगितलं होतं — म्हैस ठणठणीत आहे, आकडाच आलेला नाही, बिघाड मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. तो लिहिणारा गोरक्ष शेजारीच लॅपटॉप उघडून बसला होता, केसांतून हात फिरवत... आणि तिच्याकडे चोरून बघत.

आठ दिवस झाले, नुसतं बघणं! रविवारी त्याच्या घरचे तिला पाहायला येणार, हे अख्ख्या केंद्राला ठाऊक होतं. त्याने तिच्या मामांना विचारलं, मामांनी आईला, आईने तर पोहेसुद्धा आणून ठेवले. मोनिकाला मात्र कोणी काही विचारलंच नव्हतं. आवडायचा तो तिला, हाच तर सगळा वैताग. नकार द्यायला मन होईना, आणि न विचारता होकार द्यायचा तरी कसा?

तिने लॅपटॉप रागाने आपल्याकडे वळवला. मोबाईलवर बघून बघून थोडं जावास्क्रिप्ट तीही शिकली होती.

“हे बघा. फॅट मोजायला मशीनला मिनिटभर लागतं. ‘झालं की उत्तर देतो’ असं प्रॉमिस ते काम हातात ठेवतं. तुम्ही पहिल्या ‘देन’मध्ये, म्हणजे पहिल्या पायरीत, काम सुरू केलंत, पण त्याचं प्रॉमिस रिटर्नच केलं नाहीत, पुढच्या पायरीकडे दिलंच नाहीत. मग पुढचा ‘देन’ थांबेल कशाला? फॅट यायच्या आधीच मेसेज सुटला.”

गोरक्षने त्या ओळीच्या सुरुवातीला रिटर्न लिहिलं. बनुबाईंचं दूध मशीनला लावलं. मेसेज थांबला... थांबला... आणि मिनिटाने मोबाईल वाजला. फॅट सात पॉइंट दोन.

“एवढी साधी चूक, मॅडम,” तो ओशाळला.

“उत्तराची वाट न बघता पुढे जायची सवयच आहे तुम्हाला. मामा हो म्हणाले, रविवार ठरला, आणि मला कोणी विचारलंच नाही.”

गोरक्षने लॅपटॉप मिटला. त्याचे कान लाल झाले होते.

“मोनिका,” — ‘मॅडम’ पहिल्यांदाच गळालं होतं — “मला तू आवडतेस. लग्न करशील माझ्याशी?”

“व्हय म्हन की गं, दूध नासंल,” खिडकीतून बनुबाई.

“थांबा मावशी,” तिच्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “तिचं उत्तर येऊ द्या.”

आणि तो खरंच थांबला. मोनिकानेही त्याला चांगलं मिनिटभर ताटकळत ठेवलं, मशीनला लागतं तेवढं.

“मलाही तू आवडतोस,” ती म्हणाली. “आता बोलव रविवारी सगळ्यांना.”