जात्याआडचा आवाज

"मनी बहीण कोठे गयी?" हेडफोन काढत तानुबाईंनी आपल्या अहिराणीत विचारलं आणि सृष्टी चपापली.

दिवाळीच्या सुट्टीत सृष्टी आणि तिचा वर्गमित्र रोहित गंगापूर रोडवरच्या लोकगीत संग्रहात लेबलं चिकटवायला येत. तिथे देशोदेशींची गाणी कॅसेटवरून संगणकावर चढत होती. चाळीस वर्षांपूर्वी तानुबाई आणि त्यांची थोरली बहीण सगुणाबाई एकाच जात्यावर बसून गायल्या होत्या आणि ते इथल्या कॅसेटवर टिपलेलं होतं. सगुणाबाई आता नव्हत्या. त्यांचा तो आवाज ऐकायला तानुबाई सटाण्याहून आल्या होत्या.

आणि तोच गायब!

"यात एकट्या तुम्हीच आहात, आजी!" सृष्टी म्हणाली.

"मी जात्याची सगळी घरघर पुसली ना!" संगणकाशी बसलेले निवृत्तीकाका ऐटीत म्हणाले. "बघ, कसं आरशासारखं झालंय!"

"पण काका, सकाळी आफ्रिकेतल्या बायकांचं कांडणाचं गाणं ऐकलं. त्यात मुसळाची धपधप होती. मग आपलं जातं कुठंय?" सृष्टीने विचारलं.

"अरेच्चा! ती धपधप पुसायची राहिलीच की!"

"काका!" रोहित ओरडला. "उद्या टाळ-मृदंग पुसून कीर्तन ऐकाल!"

"ती हळू म्हणायची, पोरी," तानुबाई पुटपुटल्या. "जात्याआडूनच यायचा तिचा सूर."

म्हणजे घरघरीबरोबर सगुणाबाईही पुसल्या गेल्या!

"मूळ कॅसेट कुठंय?" सृष्टीने काकांना विचारलं.

"जुन्या कॅसेटच्या गोणीत. साहेबांनी खोली रिकामी करायला सांगितलीय. भंगारवाला नवनाथ आलाय बघ खाली."

दोघं जिन्यावरून धडाधड उतरली. नवनाथने गोणीला हात घातलाच होता. आता गोणी अडवायची कशी? सृष्टीच्या हातात लेबल होतं, पेन होता. तिने झरझर लिहिलं आणि लेबल गोणीवर चिकटवलं: 'आत देवाचं नाव आहे. पाय लावू नये.'

नवनाथने मोठ्याने वाचलं आणि चपला काढल्या. "खरंच का गं?"

"दर चौथ्या ओवीत इठ्ठल हाय, दादा!" जिन्यावरून तानुबाई म्हणाल्या.

"मग मी नाय नेणार! भंगारात देव घालू व्हय?"

कॅसेट सापडली. वर नेऊन लावली. आधी नुसती घरघर. मग तिच्या आडून एक बारीक, सायीसारखा सूर.

निवृत्तीकाकांनी मान खाली घातली. "पोरांनो, माझे कान उघडलेत. शाबास! आता एकही घरघर पुसणार नाही. आणि गोणी परत कपाटात!"

तानुबाईंना ते ऐकू गेलं नाही. त्यांचा उजवा हात टेबलावर गोल गोल फिरत होता, जात्याच्या खुंट्याला समोरून दुसरा हात लागल्यासारखा हलका.