धामसड्याची उपाशी गाडी

झाकण उघडताच शाल्मली दचकून मागे सरली. गाडीत वीज भरायच्या खोबणीत कुंभारमाशीने घर बांधलं होतं! चांगलं जुनं, मातीचं, दगडासारखं वाळलेलं घर. तिने काडीने टोकरून पाहिलं, तर ते जागचं हललंसुद्धा नाही.

यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. कोकणात कुंभारमाशी काय, कुठेही बिऱ्हाड थाटते. पण ही गाडी काही कोपऱ्यात गंजत पडलेली नव्हती. सकाळपासून शाल्मलीच्या डोळ्यांदेखत तिने डोंगरावर दोन खेपा केल्या होत्या. धामसड्यावर रिकामं जायचं, तिथल्या खाणीतले जांभ्याचे चिरे (बांधकामासाठी कापलेले लाल दगड) भरायचे, घाट उतरून खाली यायचं, चिरे उतरवायचे की पुन्हा वर. गाडीला डिझेलची टाकी नव्हती. छपरावर सौरपट्ट्या नव्हत्या. आणि वीज भरायची ती खोबण, तर तिथे माशीचा संसार!

"मग तू खातेस तरी काय?" शाल्मलीने गाडीलाच विचारलं.

सन २०६२ मध्ये गाड्यांशी बोलण्यात कुणाला काही वाटत नसे. ही गाडी स्वतःच चालायची आणि स्वतःच बोलायची, तीही अस्सल मालवणीत.

"माका भूक लागत नाय गो चेडवा," गाडी म्हणाली. "म्हणान तर माजा नाव उपाशी."

"पण का नाही लागत?"

"ता तू शोदून काढ."

शाल्मली दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आजोबांकडे आली होती. तिचे आजोबा, विश्राम तुळसकर, म्हणजे 'टिटवी मोटर्स' या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक. कारखान्याचा कारभार आता वृंदाआत्या बघायची. आजोबा मात्र हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दिवसभर कुठल्या ना कुठल्या गाडीखाली सापडायचे. आताही ते उपाशीच्या खालूनच सरपटत बाहेर आले.

"आजोबा, ही गाडी खोटं बोलते," शाल्मलीने तक्रार केली. "काही न खाता कुणी काम करतं का?"

"कुणीच नाही," आजोबा कपडे झटकत म्हणाले. "तिला कुणीतरी भरवतंय. कोण, ते बघायला वर जायचं का?"

शाल्मली टुणकन उडी मारून गाडीत बसली. समोरच्या पडद्यावर बॅटरीत किती वीज आहे त्याचा आकडा होता : ऐंशी टक्के. घाट सुरू झाला तसा तो भराभर उतरू लागला. सत्तर, साठ, पन्नास. सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) पोहोचेपर्यंत तो चाळिसावर आला.

"बघा, संपत चालली!" शाल्मली म्हणाली.

"संपली नाही. गेली कुठे ते सांग," आजोबा म्हणाले. "समज, एक फणस जमिनीवर ठेवलाय आणि तसाच दुसरा माळ्याच्या कडेला. कशाखाली बसायला तुला भीती वाटेल?"

"माळ्यावरच्या! पडला तर कपाळमोक्षच."

"फणस तर सारखेच. मग माळ्यावरच्यात जास्त काय आहे? कुणीतरी ताकद लावून तो वर चढवला, ती ताकद त्याच्या उंचीत जाऊन बसली आहे. तिला म्हणतात स्थितिज ऊर्जा (उंचीवर असल्यामुळे वस्तूत साठलेली शक्ती). आपली वीजही तशीच गाडीच्या उंचीत जाऊन बसली."

खाणीतला यांत्रिक हात चिरे भरू लागला. त्याला वेळ लागणार होता. आजोबांनी खिशातून एक चिमुकली मोटर काढली. तिच्या दोन तारांना त्यांनी इवलासा दिवा जोडला आणि मोटरचा दांडा शाल्मलीच्या हातात दिला. "फिरव."

शाल्मलीने दांडा गरकन फिरवला. दिवा लागला!

"मोटरला वीज दिली की ती फिरते," आजोबा म्हणाले, "आणि तिला फिरवलं की ती वीज देते. मग ती झाली जनित्र (फिरवल्यावर वीज तयार करणारं यंत्र). यंत्र एकच, कामं दोन. आता उतारावर आकड्याकडे लक्ष ठेव."

आठ टन चिरे घेऊन उपाशी घाट उतरू लागली. शाल्मलीचे डोळे पडद्याला चिकटले होते. चाळिसाचे पन्नास झाले. साठ. सत्तर! उतारावर चाकं मोटरला फिरवत होती, मोटर वीज तयार करत होती आणि त्या ओढीने गाडीचा वेगही आटोक्यात राहत होता. ब्रेकचा ब्रेक आणि विजेची वीज.

"याला म्हणतात पुनर्निर्मिती ब्रेक (गाडी आवरता आवरता वीज परत मिळवणारा ब्रेक)," आजोबा म्हणाले.

शाल्मलीने कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाली, "थांबा आजोबा. चाकं घासतात, मोटर गरम होते, त्यात थोडी शक्ती वाया जाणारच ना? म्हणजे जाताना जेवढी लागली त्याहून येताना कमीच मिळायला हवी."

आजोबांचे डोळे चमकले. "अगदी बरोबर. पुण्यातली तुझी गाडी सिंहगडावर जाऊन आली तर तिचं तसंच होईल."

"मग हिचं का होत नाही?" तिने मागे वळून पाहिलं. लालभडक चिऱ्यांची रास उन्हात चमकत होती. "अय्या! जाताना ही रिकामी असते. चार टनांची. आणि उतरताना चिरे धरून बारा टनांची! हलकी चढते, जड उतरते. तिला हे चिरे भरवतात!"

"शाबास गो चेडवा!" गाडीनेच आधी शाबासकी दिली. आणि खरंच, खाली पोहोचले तेव्हा आकडा नव्वदीपार गेला होता.

चिरे उतरेपर्यंत आजोबांनी तिला कंपनीची गोष्ट सांगितली. तरुणपणी ते कुडाळला एका पत्र्याच्या शेडमध्ये पंपाच्या जळलेल्या मोटरी दुरुस्त करत. त्यातूनच त्यांनी 'टिटवी' नावाची दोन माणसांची विजेची गाडी बनवली. दिसायला अशी गोड की बघणारे खूश. पण मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या एका चार्जमध्ये मुंबईहून कोल्हापूर गाठत, आणि टिटवी वाटेतच धापा टाकी. लांब पल्ल्यासाठी मोठी बॅटरी हवी आणि गाडीत सगळ्यात महाग तीच. कारखाना बंद पडायची वेळ आली.

"तेव्हा एक दिवस इंदुमती परब आल्या. ही खाण त्यांची. गाडीतून उतरल्या तर जळका वास! म्हणाल्या, 'माझ्या ट्रकांचे ब्रेक या घाटात दर महिन्याला जळतात. विजेच्या गाडीचे जळणार नाहीत, असं काही करता येईल का?' मी रात्रंदिवस त्या ब्रेकचाच विचार करत राहिलो. जे जळतंय ते म्हणजे वाया जाणारी ऊर्जाच की! ती पकडली तर? शिवाय दर उतारावर बॅटरी भरणार असेल, तर ती मोठी हवीच कशाला? लहान बॅटरी म्हणजे गाडी स्वस्त. शहराच्या शर्यतीत आम्ही शेवटचे होतो शाल्मली. डोंगरात पहिले ठरलो. मग पुढे घाटातल्या मोटारी आल्या, रुग्णवाहिका आल्या, शाळेच्या बस आल्या."

इतक्यात वृंदाआत्या आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाबा, निर्णय झाला. सड्यावरची रानफुलं आणि बेडूक वाचवायचे म्हणून खाण उद्यापासून बंद. चांगलंच झालं, मलाही हवंच होतं ते. पण उपाशीचं काम संपलं. आपण तिला कारखान्याच्या संग्रहालयात मानाने ठेवू."

"आणि सड्यावरची माणसं?" शाल्मलीने विचारलं. सड्यावर तीस-बत्तीस घरांची वाडी होती. उपाशी चिरे आणायला वर जायची तेव्हा तिच्या मागच्या बाकांवर बसून मुलं शाळेतून घरी जात, बाया बाजार करून परतत.

"चार्ज करून चालवता येईल," आत्या म्हणाली, "पण हिची बॅटरी लहान. प्रत्येक चढणीआधी तीन-तीन तास खाली उभी करावी लागेल. आठ खेपांच्या दोन होतील."

दुसऱ्या दिवशी उपाशीला शेवटचा निरोप द्यायला सगळे सड्यावर गेले. वाडीतल्या गोदाक्कांनी गाडीला हळदकुंकू लावलं. "आता बाजाराक कसा जावचा?" म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

शाल्मलीला ते बघवेना. ती उठून जुन्या खाणीच्या कडेला जाऊन बसली. दगड काढून झालेला तो भला मोठा खड्डा पावसाच्या पाण्याने तुडुंब भरला होता. एका कडेने पाणी सांडून ओहोळ दरीत झेपावत होता. 'हे पाणी किती मजेत खाली चाललंय,' तिला वाटलं. 'त्याला ना गाडी लागत, ना बॅटरी.'

आणि ती ताडकन उठली.

"आजोबा! एक लिटर पाण्याचं वजन किती?"

"एक किलो."

"म्हणजे आठ हजार लिटर पाणी म्हणजे आठ टन! चिऱ्यांएवढंच! गाडी पाणी घेऊन उतरेल, खाली ओतेल आणि माणसं घेऊन वर येईल!"

वृंदाआत्या हसली. "अगं, पाणीच खाली न्यायचं तर पाइप टाकला की झालं."

"पाइपातून गोदाक्का वर येतील का?"

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आत्याही हसली, पण लगेच गंभीर झाली. "वळणावर पाणी हिंदकळेल. गाडी कलंडू शकते."

"काठोकाठ भरलं आणि मध्ये पडदे घातले तर नाही हिंदकळणार," आजोबा म्हणाले. "कारखान्यात चल. आत्ताच्या आत्ता!"

भाऊबीजेच्या दिवशी उपाशी आडव्या पडद्यांची नवी टाकी मिरवत सड्यावर आली. पाणी भरलं. आकडा होता चाळीस. अख्खी वाडी खाली येऊन थांबली होती. गाडी उतरली, पंच्याण्णवचा आकडा दाखवत दिमाखात थांबली आणि तिने सगळं पाणी खालच्या पोफळीच्या बागेत सोडलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पण वर जाताना घात झाला. शेवटच्या वळणाआधीच आकडा दहावर आला आणि गाडी हळू होत होत थांबली.

"हरलो," शाल्मली पुटपुटली.

"आदी मागे बग, मगे हार मान," गाडी धापा टाकल्यासारखी म्हणाली. "माजी पाठ मोडली!"

शाल्मलीने मागे पाहिलं. बाकांवर माणसं, टाकीवर माणसं, तांदळाची पोती, सिमेंटच्या गोण्या, एक नवंकोरं कपाट, ढोल-ताशे आणि एक बोकड! आनंदाच्या भरात वाडीने सगळा बाजार गाडीत भरला होता.

"असं कसं चालेल?" डोळे पुसत ती ओरडली. "चढताना हलकी, उतरताना जड! हाच तर नियम आहे. थोडी माणसं उतरा बरं! कपाट पुढच्या खेपेला!"

हसत-खिदळत निम्मी माणसं उतरली आणि ढोल वाजवत चालू लागली. बोकडही चालत निघाला. गाडी हळूहळू वर पोहोचली. पुन्हा टाकी भरली आणि उपाशी पुन्हा खाली गेली. या खेपेला शाल्मलीने दारात उभं राहून माणसं मोजून घेतली. दहा माणसं आणि त्यांच्या पिशव्या, बस्स. घाट सुरू झाला. आकडा उतरत होता, पण सावकाश. वाडीच्या आंब्याखाली गाडी थांबली, तेव्हा पडद्यावर पाणी घेऊन वरून निघतानाच्या आकड्यापेक्षा पाच टक्के जास्तच वीज होती!

वाडीत एकच जल्लोष झाला. गोदाक्कांनी शाल्मलीच्या तोंडात अख्खा बेसनाचा लाडू कोंबला. वृंदाआत्या तर फोनवर बोलायलाही लागली होती. "हो, हो, आंबोलीकडेही पाणी आहे. आणि हिमाचलमध्ये तर विचारूच नका. काय? नाव? जलगाडी म्हणू या!" फोन ठेवून ती म्हणाली, "मार्चनंतर खड्डा आटेल. पण तोवर सड्यावर काजू येतात, मग फणस-आंबे; पाण्याऐवजी तेच खाली नेऊ. पावसाळ्यापर्यंत निभेल."

संध्याकाळी शाल्मली आणि आजोबा कड्यावर बसले. समोर दूरवर समुद्र सोन्यासारखा चमकत होता. शाल्मलीच्या डोक्यात मात्र अजून एक भुंगा गुणगुणत होता.

"आजोबा, फणस माळ्यावर कुणीतरी चढवावा लागतो. चिरे तर डोंगरातच होते, ते जमिनीनेच कोट्यवधी वर्षांपूर्वी उचलले. पण हे पाणी इतक्या उंच कुणी आणलं?"

"तूच सांग."

"पावसाने. पाऊस ढगांतून. ढग..." ती समुद्राकडे बघत राहिली. पाण्यावर ऊन नाचत होतं. "ढग समुद्रातून! उन्हाने पाण्याची वाफ झाली, ती वर चढली... म्हणजे सूर्याने उचललं! आजोबा, आपली गाडी सूर्यावर चालते!"

"आणि चिरे एक दिवस संपले असते," आजोबा म्हणाले. "हे काम करणारा मात्र रोज सकाळी हजर."

शाल्मलीने डोळ्यांवर हात धरून क्षितिजाकडे पाहिलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण तिला आता ठाऊक होतं, त्या चमचमत्या पाण्यावरून या क्षणीही हजारो टन वाफ गुपचूप आभाळात चढत होती.

"किती घाट आहेत हो आपल्या सह्याद्रीत?" तिने विचारलं.

"मोजायला बसलीस तर सुट्टी पुरणार नाही."

"मग उद्या सकाळीच सुरुवात करू," शाल्मली म्हणाली, आणि लाडवाचा शेवटचा तुकडा तिने तोंडात टाकला.