सात नंबरची शेजारीण

दुपारचा चहा वाटून झाला की सिस्टर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा काखेत मारून बायकांच्या वॉर्डात शिरायची. खिडकीकडच्या टोकापासून सुरुवात करायची आणि दारापर्यंत येईतो सगळ्या कॉट सरळ करायच्या. चौदा वर्षांत हा क्रम कधी चुकला नव्हता. फिनेलचा वास, भिंतीवरच्या पंख्याची कुरकुर, कुणाचं तरी कण्हणं, कुणाचं तरी घोरणं, यातून ती डोळे मिटूनही चालली असती.

तिचं नाव वॉर्डात कुणी घेत नसे. पेशंटपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची ती सिस्टर. घरी वडील तिला चिमणी म्हणत, पण ते घरी.

सात नंबरच्या कॉटपाशी तिला रोज थांबावं लागे. ही कॉट रिकामी असायची. तिची पाठ वर करायचा दांडा वाकला होता, म्हणून वॉर्ड अगदी भरल्याशिवाय ती कुणाला देत नसत. तरीही रोज दुपारी तिची चादर चुरगळलेली असायची. सगळी नाही. फक्त सहा नंबरच्या बाजूची कड, कुणी तरी टेकून बसावं आणि नुकतंच उठावं तशी. सिस्टर हातानं ती सुरकुती मोडायची आणि पुढं जायची. भेटायला येणारे लोक काय, जागा दिसली की बूड टेकतात.

सहा नंबरवर मास्तरीणबाई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, जीभ मात्र शाबूत. सोबत एकच सामान आणलं होतं, काळ्या पानांचा जाडजूड अल्बम. डांबरगोळ्यांचा वास सुटायचा उघडला की. चार वाजले की बाई चष्मा पुसायच्या, अल्बम पोटावर उभा धरायच्या आणि फोटो दाखवायला लागायच्या. सात नंबरच्या कॉटला.

"ही बघा, ही आमची शाळा. तेव्हा छप्पर पत्र्याचं होतं... हो ना, पाऊस आला की शिकवणं बंदच... नाही हो, ती पाठमोरी आहे ना, ती मी. वेणी बघा केवढी होती! आता उंदराची शेपटी राहिलीय."

मग बाई थांबायच्या, मान कलती करून ऐकायच्या आणि खुदकन हसायच्या.

पहिले काही दिवस सिस्टरनं काणाडोळा केला. एकट्या माणसाला बोलायला भिंतही पुरते, हे तिनं पुष्कळ पाहिलं होतं. एकदा सहज थट्टेनं तिनं विचारलं, "बाई, कुणाची करमणूक चाललीय?"

"शेजारणीची," बाई म्हणाल्या. "तिला फोटोंचं फार वेड. स्वतःचा एकही शिल्लक नाही म्हणते बिचारीचा."

सिस्टर हसली खरी, पण ते शेवटचं वाक्य तिला टोचलं. तिच्या घरीही एक फोटो नव्हता.

तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. याच दवाखान्यात गेली, एवढं तिला ठाऊक होतं. वॉर्ड कुठला, कॉट कुठली, वडिलांनी कधी सांगितलं नाही. घर बदलताना फोटोंची पेटी हरवली, एवढंच ते सांगत. वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या पाट्यांवर त्यांनी केसांच्या तेलाच्या बायका काढल्या, हसरी बाळं काढली, पैलवान काढले. लहानपणी एकदा तिनं हट्ट धरला, बाबा, आईचं चित्र काढा. त्यांनी ब्रश हातात घेतला, तासभर पांढऱ्या पत्र्यासमोर बसले आणि मग मुकाट्यानं त्यावर 'येथे सायकल लावू नये' असं लिहून मोकळे झाले. पुन्हा तिनं विषय काढला नाही. पण आजही आरशात बघताना तिला वाटायचं, यातलं आईचं काय असेल? नाक? हनुवटी? विचारणार कुणाला!

असेच आठ-दहा दिवस गेले. एका दुपारी ती बाईंचा रक्तदाब बघत असताना बाई तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा की."

"तू लहानपणी झोपताना कानाची पाळी धरायचीस का गं? स्वतःची नव्हे. आईची."

सिस्टरच्या हातातला रबरी फुगा तसाच राहिला. पट्ट्यातली हवा सूं करत निघून गेली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"शेजारणीनं. म्हणते, पाळी सोडवली की ही जागी व्हायची. म्हणून ती रात्र रात्र एका कुशीवर पडून राहायची."

सिस्टरनं पट्टा सोडला. वहीत आकडे लिहिले, ते चुकीचे लिहिले, खोडले, आणि सरळ कपड्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आईच्या कानाची पाळी तिला आठवत होती. चेहरा नाही, आवाज नाही, पण दोन बोटांत धरलेली ती मऊ, गार पाळी आठवत होती. छत्तीस वर्षांची घोडी झाली तरी झोप येईना की ती स्वतःची पाळी चिमटीत धरायची. हे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनाही नाही.

पुढचे दोन दिवस तिनं सहा नंबरचं काम दुसऱ्या नर्सकडे दिलं. लांबून मात्र कान तिकडेच. "रुसलीय ती," बाई कुणाला तरी समजावत होत्या. "येईल. तुमचीच पोर ना? मग हट्टी असणारच."

तिसऱ्या दिवशी सरकारी सुट्टी होती. डॉक्टरांची फेरी नव्हती, निम्म्या कॉट रिकाम्या, आणि आभाळ असं दाटून आलेलं की चारलाच दिवे लावायची वेळ आली. पण तिला दिवे लावावेसे वाटेनात. पंखासुद्धा कुरकुरायचा थांबला होता. ती स्टूल ओढून दोन कॉटच्या मधल्या जागेत बसली. बाईंच्या बाजूला तोंड करून, सात नंबर तिच्या डाव्या हाताला.

"आहे का... आत्ता?"

"आहे. हळू बोल, घाबरते ती."

"ती घाबरते?"

"नाहीतर काय! इतके दिवस नुसती बघत बसते. तिला वाटतं तू ओळखणार नाहीस. चार वर्षांची होतीस, म्हणते."

मान वळवून डावीकडे बघावं असं सिस्टरला फार वाटलं, आणि मान वळेना. ओल्या केसांचा वास येत होता. नुकतंच न्हालेल्या बाईचा. वॉर्डात त्या दिवशी कुणाला आंघोळ घातली नव्हती.

"बाई... दिसते कशी?"

बाई घुटमळल्या. "आता कसं सांगू बाई तुला. संध्याकाळी खिडकीच्या काचेत आपण दिसतो ना, तशी. आहे म्हटलं तर आहे." मग त्यांनी अल्बम उघडला. "पण काल तिनं मला एक पान दाखवलं. इतके दिवस मीच तिला दाखवत होते, काल तिनं मला दाखवलं."

सहलीचा फोटो होता. बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर तीस-बत्तीस मुली, चार ओळींत. एका कडेला तरुण मास्तरीणबाई, ती ऐटदार वेणी पुढं घेतलेली.

"माझं नोकरीचं पहिलंच वर्ष. बस बंद पडली होती आमची. मी रडकुंडीला आले होते, आणि या कार्ट्या गाणी म्हणत होत्या. त्यातली एक मला येऊन म्हणाली, बाई, तुम्ही घाबरू नका, आम्ही आहोत ना." बाईंनी बोट ठेवलं. तिसरी ओळ, डावीकडून दुसरी. "हीच ती. तेरा वर्षांची. वर्षभर शिकवलं मी हिला, आणि शेजारी येऊन बसली तरी ओळखलं नाही. शरम वाटते गं मला."

सिस्टरनं अल्बम खिडकीकडं धरला. मुलगी उन्हानं डोळे बारीक करून हसत होती. हनुवटीला खळी. एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर. रोज सकाळी टोपी लावताना सिस्टर आरशात हीच भुवई बघायची.

ती रडली नाही. रडू यायला आधी श्वास लागतो. ती फोटोवरून बोट फिरवत राहिली, आणि त्याच वेळी तिच्या डाव्या कानाची पाळी कुणी तरी धरली. दोन बोटांत. अगदी हलकेच, झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये अशी. बोटं गार होती, पाण्यातून काढल्यासारखी.

अंगावर काटा आला. ओरडावं असं वाटलं नाही. वाटलं, सोडू नये.

"बस झालं आता," थोड्या वेळानं बाई सात नंबरकडं बघत हळूच म्हणाल्या. "पोरगी गारठली."

पाळी सुटली. बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता, तरी सात नंबरची चादर कडेवरून सावकाश सरळ झाली.

बाईंनी नखानं फोटोचे चारही कोपरे सोडवले आणि तो तिच्या हातात दिला. पुढच्या आठवड्यात त्यांचा भाचा येऊन त्यांना घरी घेऊन गेला. स्ट्रेचरवरून जाताना त्यांनी शेजारच्या रिकाम्या कॉटला दोन्ही हात जोडले. भाचा सिस्टरकडं बघून ओशाळं हसला. सिस्टर हसली नाही.

फोटो वडिलांना दाखवायला तिला दोन दिवस लागले. वडील आता पाट्या रंगवत नसत, हात कापायचा. जेवणाच्या टेबलावर त्यांच्यापुढं तिनं तो ठेवला आणि काहीच सांगितलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. तीस-बत्तीस मुली. त्यांचं बोट कुठंही न चाचपडता तिसऱ्या ओळीत गेलं.

"चिमणे," ते म्हणाले, पण बोट उचललं नाही.

त्या रविवारी बापलेक सकाळपासून बसून होते. बत्तीस वर्षं बंद असलेला नळ सुटावा तसे वडील बोलत होते. आई चहात साखर ढवळायची नाही, तळाची शेवटी चमच्यानं खायची. हसताना तोंडावर हात धरायची. ब्रश धुतलेलं पाणी एकदा सरबत समजून प्यायली होती. सिस्टर हसून हसून लोळली. दुपारी वडिलांनी जुना ब्रश शोधला, एका पत्र्याच्या तुकड्यावर थरथरत्या हातानं तो चेहरा काढला आणि पुन्हा पुन्हा लांबून बघितला. भुवई बरोबर आली होती. सिस्टरला वाटलं, संपलं. जे हवं होतं ते मिळालं, तिलाही आणि आईलाही.

महिन्याभरानं साथ आली आणि वॉर्ड तुडुंब भरला. सात नंबर द्यावीच लागली. तिथं एक शिवणकाम करणारी बाई आली, धिप्पाड, बडबडी, तापानं फणफणलेली. मास्तरीणबाई कोण, अल्बम कसला, तिला काही माहीत असायचं कारण नव्हतं. ताप उतरला त्या दुपारी सिस्टर तिची चादर बदलत होती, तेव्हा तिनं आवाज एकदम खाली आणला.

"सिस्टर, चिमणी म्हणजे तुम्हीच का?"

सिस्टरनं उशी छातीशी धरली. "का?"

"माझ्या उशाशी एक बाई बसते. तापात वाटलं भास असेल, पण ताप गेला तरी बसतेच. वाईट नाही हो, कपाळावर हात ठेवते. पण एकच विचारते सारखं." तिनं इकडं तिकडं पाहिलं. "म्हणते, चिमणी भेटली. आता मैना कुठंय ते विचार."

"मैना?"

"मैना. तुमची धाकटी असावी, तान्ही. हातानं एवढीशी दाखवते." आणि शिवणकामवालीनं दोन्ही तळव्यांमध्ये वीतभर अंतर धरून दाखवलं.

सिस्टर घरी आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. वडील दाराच्या आत खुर्ची टाकून पत्र्यावरच्या चित्राला शेवटचा हात देत होते, बारीक ब्रशनं, केसांच्या बटा काढत. ते खुशीत होते. शीळ घालत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मैना कोण?"

शीळ थांबली. ब्रशचं टोक पत्र्यावर टेकलेलं होतं, तिथंच राहिलं आणि रंगाचा एक थेंब घरंगळत खाली आला.

"कुणी विचारलं?"

"आईनं."

वडिलांनी तिच्याकडं बघितलं नाही. तिच्या खांद्यावरून मागं, उघड्या दारातून रस्त्यापर्यंत, कुणी ऐकत नाही ना ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी चित्र उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठले, आणि लख्ख दिवसाउजेडी दार लोटून आतून कडी घातली.