कोरी राहिलेली डिस्क

शहागडला बसमधून उतरताना कौसल्याच्या बॅगेचा पट्टा तुटला. बॅग खाली आपटणार, तेवढ्यात समोरच्या तरुणानं ती अलगद झेलली.

"अंडे हायेत का काय यात?"

"त्याहून नाजूक आहे," ती म्हणाली. "रेकॉर्डर... विद्यापीठाचा."

ती जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करत होती आणि तिला गोजरबाईंकडे जायचं होतं. तो हसला. गोजरबाई त्याचीच आजी निघाली. त्याचं नाव देवानंद. गावातल्या शाळेत शिकवायचा.

गोजरबाईंनी जात्याचा खुंटा धरला. कौसल्यानं हेडफोन कानाला लावले... आणि ती श्वास घ्यायचीच विसरली. शेजारणीचं नावसुद्धा न आठवणारी ही म्हातारी दळता दळता ओवीमागून ओवी रचत होती. दगडाची घरघर, बांगड्यांची किणकिण, आणि त्यावर तो कापरा आवाज — इतका जवळ, की आपल्याच छातीतून निघतोय असं तिला वाटलं.

यंत्र बंद केलं, तर डिस्क कोरी.

"बंद करताना सगळं डिस्कवर उतरतं," ती रडवेली झाली. "तेवढ्यात जात्याचा हादरा बसला."

"मंग उद्या परत या," देवानंद म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ऐन ओवीत सेल संपले.

"तुम्हीच काही करताय का याला?"

"मी फक्त नवस बोलून राह्यलो."

"कसला?"

"ते... न्हाई सांगता येत."

तिसऱ्या खेपेला तिनं नवे सेल घातले, यंत्र गोधडीच्या घडीवर ठेवलं. सोमवारी ते परत द्यायचं होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. गोजरबाई गात होत्या, पडद्यावरच्या रेघा आवाजाबरोबर नाचत होत्या. सगळं बरोबर चाललं होतं. आणि मग कानात आलं —

काळं यंत्र कानाला गं, पाहुणी ऐके दूरचं
आयकू येईना तिला, माझ्या नातवाच्या ऊरचं

कौसल्या दचकून दाराकडे वळली. दारात देवानंद उभा होता. हेडफोनची वायर ताणली गेली, यंत्र घसरून फरशीवर पडलं. पडदा काळा झाला.

जातं थांबलं. "मोडलं का गं माय?"

तिनं पुन्हा चालू करून पाहिलं. चालू झालं, पण डिस्क कोरी.

"आजी, ती शेवटची ओवी परत म्हणता?"

"कोन्ती गं?"

त्यांना खरंच आठवत नव्हती. जात्यासोबत आली आणि पिठासारखी सांडून गेली. कौसल्या त्यांच्या सुरकुतलेल्या हातांकडे बघतच राहिली. एवढं सुंदर काही निर्माण करून, ते इतक्या सहज सोडून देता येतं...

देवानंदचे कान लाल झाले होते.

"रेकॉर्ड... झालं का?"

"नाही. पण मी ऐकलं."

"आजी कायबी म्हणती."

"म्हणजे खोटं आहे?"

तो उंबऱ्याकडे बघत हळूच म्हणाला, "न्हाई. बिलकुल खरं हाये."

कौसल्यानं वायर गुंडाळली.

"सोमवारी हे परत देते. मंगळवारी नुसतीच येते. आजींच्या ओव्या हातानं लिहून घ्यायच्या म्हटल्या तर —" तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं, "जन्म जाईल माझा."

"मंग जाऊ द्या की," देवानंद म्हणाला.