दक्षिण ध्रुवावर मागितलेला वेळ

राजारामपुरीतल्या नेट कॅफेत लाइट गेली आणि शेजारच्या खुर्चीवरून एक पोरगी कळवळली, "अर्रर्र... आज शेवटचा दिवस हाय की ओ!"

दूध काढायच्या मशीनची किंमत बघायला आलेल्या अतुलनं वळून बघितलं. खिडकीच्या उजेडात त्याला दिसले रडू आवरणारे मोठाले डोळे... आणि हातात घट्ट धरलेली फ्लॉपी.

"कशाचा शेवटचा दिवस?"

"दक्षिण ध्रुवावर एक दुर्बीण हाय. तिच्यावर वेळ मागायचाय."

अतुलला काडीचं कळलं नाही. "पलीकडच्या गल्लीत आमची डेअरी हाय," तो म्हणाला. "कॉम्प्युटर बॅटरीवर चालतोय, फोनबी हाय. चला की!"

डेअरीच्या गल्ल्यावर अतुलची तानाबाई आत्या बसली होती, म्हणून ती निर्धास्त आत आली. स्वप्नाली तिचं नाव. विद्यापीठात ताऱ्यांवर संशोधन करायची. फोनच्या तारेवरून नेट कुरकुरत जोडलं जात होतं, तोवर आत्यानं दोघांपुढं मसाला दूध ठेवलं.

"ध्रुवच कशाला? पन्हाळ्यावरनं तारं दिसत न्हाईत व्हय?" अतुलनं विचारलं.

"दिसत्यात. पण पहाट झाली की संपलं. तिथं हिवाळाभर सूर्यच उगवत न्हाय. माझा एक तारा हाय, त्याचा उजेड कमी-जास्त होतोय... तिथं तो मावळतच न्हाय. नुसतं बघत बसायचं—"

"सूर्य उगवत न्हाय, मग लोकांनी धारा कधी काढायच्या?"

ती खळखळून हसली. अर्ज गेला. "येतो हं," म्हणत अस्सल कोल्हापुरी थाटात तीही गेली, आणि अतुल रिकाम्या पेल्याकडं बघत राहिला.

उत्तर उन्हाळ्याच्या तोंडावर येणार होतं. तोवर ती डेअरीत येत राहिली. कधी मेल बघायला, कधी उगाचच दही न्यायला. दुर्बीणवाल्यांचे प्रश्न यायचे, तिला उत्तरं धाडायची असायची. अतुल गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन फोन तिच्यासाठी मोकळा ठेवायचा.

गुऱ्हाळं पेटली. वाऱ्यावर काकवीचा वास तरंगू लागला. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर बसून ती सांगायची, तिथला बर्फ निळसर दिसतो, आपलाच श्वास ऐकू येतो... अतुलच्या डोळ्यांपुढं त्या पांढऱ्या उजाड माळावर चालत निघालेली इवलीशी स्वप्नाली यायची. उत्तर येऊच नये, असं एकदा वाटून गेलं. मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं अंबाबाईला हात जोडले — तिला वेळ मिळू दे.

आणि मिळाला! स्वप्नाली डेअरीभर नाचली. अतुलनं पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी तो विद्यापीठाच्या फाटकाशी उभा होता, काखेत जाडजूड घोंगडी घेऊन.

"हे काय?"

"मुरगूडच्या बाजारातनं आणली. तिथं लई थंडी असंल. आणि... सूर्य उगवला की परत ये. मी वाट बघतोय."

स्वप्नाली बघतच राहिली. "पण मी कुठं जातोय?"

"ध्रुवावर!"

"खुळ्या! दुर्बीण तिथली माणसं चालवणार. मला नुसते आकडे येणार मेलवर. मी हितंच हाय की!"

अतुल मटकन कट्ट्यावर बसला. "मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"विचारलंस कधी?" ती हसली... आणि हसता हसता थांबली. शेजारी बसत हळूच म्हणाली, "मी जाणार असं तुला वाटत होतं, तरी फोन मोकळा ठेवायचास?"

"तुझा तारा तिथं हाय की..."

"आणि तुझा?"

"माझा हितं," तो खाली बघत पुटपुटला. "शेजारी."

भर उन्हात स्वप्नालीनं ती घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. "चल. आईला दाखवू."

"घोंगडी?"

"व्हय," ती लाजत म्हणाली, "घोंगडीबी."